‘आई – जुना टीबी पेशंट’ : एका घरातल्या तिघांच्या दम्याचं प्रकरण

तालुक्याच्या दवाखान्यातून आलेल्या चिठ्ठीवर कोपऱ्यात चार शब्द होते: ‘आई – जुना टीबी पेशंट’. पुढच्या तीन महिन्यांत जे काही झालं, त्याची सुरुवात या चार शब्दांपासून झाली.

हे प्रकरण कोणा एका कुटुंबाची नोंद नाही. एबीपीए, म्हणजे अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कोपल्मोनरी अ‍ॅस्परजिलोसिस, बुरशीच्या अ‍ॅलर्जीने होणारा श्वासनलिकांचा आजार, एका घरात दोघांना निघतो तेव्हा जे वारंवार घडतं ते एकत्र करून अभ्यासासाठी बांधलेलं आहे. रुग्णांचे आकडे उदाहरणादाखल आहेत. निकष, डोस आणि चुका मात्र खऱ्या आहेत.

मुलगा

वय २७, वजन ५८ किलो. संगमनेर भागातल्या दूधपट्ट्यातलं गाव, गोठ्यात चौदा गाई, चारा म्हणून मक्याचा मुरघास. बाराव्या वर्षापासून दमा. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप घरात होता, पण दम लागला की दोन फवारे मारायचे आणि बरं वाटलं की पंप फळीवर ठेवायचा, असा वापर.

चार महिन्यांपासून खोकला वाढलेला, संध्याकाळी कणकण, तीन किलो वजन उतरलेलं, दोनदा बेडक्यात रक्ताची रेघ. छातीच्या फोटोत उजव्या वरच्या भागात डाग. महाराष्ट्रातल्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात अशा वेळी आधी टीबीच येणार, आणि यायलाच हवा. थुंकीची तपासणी झाली, टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी सीबीनॅटही झाली. दोन्ही निगेटिव्ह. तरी ‘आईला होता, त्यामुळे असणारच’ या हिशेबाने चार औषधं असलेल्या रोजच्या चार गोळ्या सुरू झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात छाती घरघरू लागली, म्हणून गावच्या डॉक्टरांनी सात दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम दिलं. ताप गेला, भूक लागली, वजन दीड किलोने वाढलं. श्रेय गेलं टीबीच्या गोळ्यांना. या प्रकरणात सगळ्यात जास्त फसवणारी जागा हीच. स्टेरॉइडने एबीपीएचा डाग काही दिवसांत विरघळतो, आणि त्याच वेळी टीबीची औषधं चालू असतील तर कशाने गुण आला ते सांगता येत नाही.

दोन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा फोटो काढला. उजवा डाग गेलेला, डावीकडे वर नवा आलेला. टीबीचा डाग औषध चालू असताना बाजू बदलत नाही. त्याला छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं ते इथे.

डबीतला बेडका

‘बेडका कसा पडतो?’ या प्रश्नाला रुग्ण बहुधा ‘पिवळा’ म्हणून मोकळे होतात. याने दुसऱ्या दिवशी डबीत भरून आणला. त्यात तपकिरी, रबरासारखे तीन तुकडे होते. सगळ्यात मोठा नखाएवढ्या लांबीचा, शेवयांच्या जुडग्यासारखा, एका टोकाला फाटे फुटलेला. काचेच्या ताटलीत सलाइन घालून सुईने सोडवल्यावर तो श्वासनलिकेच्या फांदीचा साचा आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. पोटॅश घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा बुरशीचे पडदे असलेले, अरुंद कोनात फाटे फुटणारे धागे दिसले. बाजूला अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा खच आणि त्यातून तयार होणारे टोकदार शार्को-लायडन स्फटिक.

ही बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस. हिचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे असतात. श्वासाबरोबर ते खोल उतरतात आणि शरीराच्या तापमानाला सहज रुजतात. निरोगी माणूसही रोज असे शेकडो बीजाणू ओढतो आणि त्याला काही होत नाही. दमेकऱ्यांपैकी काहींच्या श्वासनलिकेत मात्र ते चिकट बेडक्यात अडकतात, तिथेच वाढतात, आणि शरीर त्यांच्याविरुद्ध अ‍ॅलर्जीची पूर्ण फौज उभी करतं. बुरशी फुफ्फुस कुरतडत नाही. नलिका रुंदावते आणि खराब होते ती या प्रतिकाराच्या माऱ्याने. म्हणून उपचारात पहिलं नाव स्टेरॉइडचं येतं, बुरशीनाशकाचं नंतर. या आजाराचं पहिलं वर्णन १९५२ साली लंडनमध्ये झालं. आपल्याकडे तो दुर्मीळ मुळीच नाही. टीबीच्या नावाखाली लपतो, इतकंच.

तपासण्या, आणि एक ‘पेक्षा जास्त’

आधी अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसविरुद्धची विशिष्ट आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड, रक्तात बघायची. ०.३५ च्या खाली असेल तर एबीपीए जवळजवळ बाद. याची २४.६ आली. मग एकूण आयजीई. तालुक्याच्या प्रयोगशाळेने लिहून दिलं: ‘२,५०० पेक्षा जास्त’.

हा निकाल निदानाला पुरतो, उपचाराला पुरत नाही. पुढे औषध लागू पडलं की नाही हे ठरतं आयजीई किती टक्क्यांनी उतरली यावरून. सुरुवातीचा आकडाच नसेल तर टक्केवारी कशाची काढणार? यंत्राची वरची मर्यादा ओलांडली की नमुना पातळ करून पुन्हा चालवावा लागतो, आणि तसं चिठ्ठीवर लिहून मागावं लागतं. मागितल्यावर आकडा आला ६,८४०.

२०२४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एकूण आयजीईची मर्यादा ५०० आहे, आधी ती १,००० होती. विशिष्ट आयजीई आणि एकूण आयजीई या दोन अटी सक्तीच्या. त्यांच्या जोडीला तिघांपैकी दोन हवेत: बुरशीविरुद्ध आयजीजी हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड, रक्तात इओसिनोफिल ५०० किंवा जास्त, आणि सीटी स्कॅन किंवा फोटोतला सुसंगत बदल. या मुलाचे इओसिनोफिल १,४५० होते. आयजीजी ७८ आली, भारतातल्या अभ्यासांत मर्यादा २७ धरतात. सीटीत दोन्ही वरच्या भागांत मध्यवर्ती ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे मध्याकडच्या नलिका कायमच्या रुंदावणं, दिसलं, आणि डावीकडे नलिकेत अडकलेला बेडका पाठीच्या मणक्यालगतच्या स्नायूपेक्षाही पांढरा. पातळ पू किंवा साधा बेडका असा दिसत नाही. हा जड, दाट बेडका दिसला की एबीपीएबद्दल शंका फारशी उरत नाही, आणि पुढे आजार पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त हेही कळतं.

इओसिनोफिलची तपासणी स्टेरॉइडच्या आधी करायची. आठवडाभर प्रेडनिसोलोन घेतलेल्या माणसाचा आकडा शंभराच्या आत येतो आणि निकाल ‘नॉर्मल’ म्हणून फाइलला लागतो. शिवाय गोठ्यात अनवाणी वावरणाऱ्या माणसात जंतांमुळेही आयजीई आणि इओसिनोफिल वाढतात. म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे शौचाचे नमुने तपासले. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत पोटात असताना स्टेरॉइड दिलं तर तो अंगभर पसरू शकतो, त्यामुळे ही तपासणी निदानासाठीच नाही, उपचारासाठीही लागते. साखर, एचआयव्ही आणि कावीळ बी बघून घेतली. तरुण वय, ब्रॉन्किएक्टेसिस आणि घरात आणखी कोणी, एवढं एकत्र आलं की सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराचा विचार करावा लागतो. घामातलं क्लोराइड २२ आलं. ३० च्या खाली असलं की तो प्रश्न बहुतेक मिटतो.

टीबीच्या गोळ्या बंद करायचं ठरलं, पण नुसत्या आयजीईवर नाही. औषधं चालू असताना पाठवलेलं थुंकीचं कल्चर कोरं आलं तरी त्याला पूर्ण वजन देता येत नाही. दुर्बिणीतून डावीकडचा अडकलेला बेडका काढला, त्याच वेळी धुवून घेतलेलं पाणी सीबीनॅट आणि कल्चरला पाठवलं. सीबीनॅट निगेटिव्ह आली. सुरुवातीचा चांगला नमुना निगेटिव्ह, बाजू बदलणारा डाग, साचा आणि सीटी हे सगळं एका दिशेला बोट दाखवत होतं.

गोळ्या थांबवल्यावर दोन आठवडे फक्त पंपावर काढले. रिफाम्पिसिन यकृताला औषधं लवकर मोडायला लावतं, आणि थांबवल्यावरही तो परिणाम साधारण दोन आठवडे राहतो. त्या काळात प्रेडनिसोलोन निम्मंशिम्मं लागू पडतं आणि इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक तर रक्तात जवळपास चढतच नाही. दम फारसा लागत नव्हता म्हणून थांबणं परवडलं. ऑक्सिजन उतरलेला असता तर थांबले नसते.

आईची पिशवी

तोवर आईचे जुने कागद मागवले होते. ट्रंकेतली प्लास्टिकची पिशवी, त्यात पाच फोटो, दोन उपचार कार्डं. २००३ मध्ये सहा महिने उपचार, २०१४ मध्ये आठ महिने. दुसऱ्या वेळी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे स्ट्रेप्टोमायसिनची २४ इंजेक्शनंही. दोन्ही कार्डांवर थुंकी निगेटिव्ह. दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी उजेडाच्या पेटीवर लावले तर २००३ चा डाग उजवीकडे वर, २०१४ चा डावीकडे मध्ये. आणि लग्नाआधीपासून दमा.

म्हणजे ज्या टीबीच्या भरवशावर मुलाला टीबी ठरवलं, तो टीबी कधी सिद्धच झाला नव्हता. घरात टीबी असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता वाढते, हे खरंच आहे. पण त्यासाठी पहिल्याचा टीबी खरा असावा लागतो. ‘जुना टीबी’ एवढं लिहिणाऱ्याने पुढे ‘थुंकी पॉझिटिव्ह’ की ‘निगेटिव्ह’ हा एक शब्द जोडला असता, तर मुलाचे तीन महिने वाचले असते. घरात दम्याचे दोन रुग्ण आहेत हे चिठ्ठीवर कुठेच नव्हतं. ते कोणी विचारलंच नव्हतं.

आईचं वय ५२, वजन ४६ किलो. एकूण आयजीई ३,२६०, विशिष्ट आयजीई ११.२, आयजीजी ६१. इओसिनोफिल फक्त ३८०, कारण नुकतंच दहा दिवस स्टेरॉइड झालेलं. सीटीत मध्यवर्ती ब्रॉन्किएक्टेसिस आणि जुने व्रण. इओसिनोफिल सोडले तरी दोन सक्तीचे आणि दोन जोडीचे निकष पुरे. तिलाही एबीपीएच.

वारसा की गोठा?

एबीपीए घराण्यात येऊ शकतो हे १९७९ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या १६४ रुग्णांच्या अभ्यासात, २००८ साली, ८ जणांच्या सख्ख्या नात्यात दुसरा रुग्ण निघाला. म्हणजे ४.९ टक्के. शोधलं तर सापडतं, आणि तरी ते रोजचं नाही, असा हा आकडा आहे.

हा वारसा हिमोफिलियासारखा सरळ नाही. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांपैकी डीआर२ चे काही प्रकार असणाऱ्यांना धोका जास्त आणि डीक्यू२ असणाऱ्यांना कमी, असं दिसलं आहे. फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंट प्रोटीन ए२ च्या जनुकातले बदल आणि सिस्टिक फायब्रोसिसशी संबंधित सीएफटीआर जनुकाची एक सदोष प्रत यांचाही संबंध आढळला आहे. पण यांपैकी एकही तपासणी दवाखान्यात करून काही हाती लागत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

बहिणीमुळे या प्रश्नाला थोडी धार आली. वय ३१, नऊ वर्षांपासून डोंबिवलीत, गोठ्याशी संबंध दिवाळी-मेपुरता. दमा आहे, पंपावर ताब्यात आहे. तिची विशिष्ट आयजीई १.९, एकूण ४१०, इओसिनोफिल २९०, फोटो स्वच्छ. तिला बुरशीची अ‍ॅलर्जी आहे, एबीपीए नाही. मुरघासापासून दूर राहूनही अ‍ॅलर्जी बनली म्हणजे सगळा दोष गोठ्याचा नाही. उलट ती तिथे राहिली असती तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. दमा मुळातच घराण्यात चालतो, तोही हिशेबात धरायला हवा.

तिला औषध बदललं नाही. वर्षातून एकदा एकूण आयजीई, आणि तपकिरी बेडका, पंपाला न जुमानणारा खोकला किंवा कारण नसलेला ताप आला तर लगेच. तिच्या सात वर्षांच्या मुलाला दमा नाही, म्हणून त्याची तपासणी केली नाही. दमा नसलेल्या नातेवाइकांची सरसकट आयजीई काढली तर नुसती घबराट हाती येते.

दोघांना दोन औषधं

मुलाला प्रेडनिसोलोन: ३० मिलिग्रॅम चार आठवडे, १५ चार आठवडे, ७.५ चार आठवडे, मग ५ आणि २.५ प्रत्येकी दोन आठवडे. सोळा आठवड्यांत बंद. रोज सकाळी एकदाच, नाश्त्यानंतर. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, आणि पंप रोज दोन वेळा, बरं असलं तरी. ‘बरं वाटलं’ म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळी सोडणं ही नेहमीची चूक, म्हणून दर टप्प्याच्या गोळ्या मोजूनच लिहून दिल्या.

आठव्या आठवड्यात आयजीई ३,६९० आली, म्हणजे ४६ टक्के उतार. किमान २० टक्के अपेक्षित असते. सोळाव्या आठवड्यात २,७८०. इथे आणखी एक चूक होते: आयजीई ‘नॉर्मल’ होईपर्यंत स्टेरॉइड चालू ठेवणं. ती बहुतेकांची होतच नाही. २,७८० हीच त्याची नवी स्थिर पातळी, कार्डावर लाल अक्षरांत. पुढे त्रास वाढून दोन आठवड्यांवर टिकला, किंवा फोटोत नवा डाग आला, आणि सोबत आयजीई या पातळीच्या दीडपट, म्हणजे ४,१७० च्या वर गेली, तरच एबीपीए उलटला म्हणायचं.

आईला मधुमेह, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ८.४. चार महिने स्टेरॉइड देणं साखरेला झेपणारं नव्हतं, म्हणून इट्राकोनॅझोल २०० मिलिग्रॅम दोन वेळा, चार महिने. चंडीगडच्या पीजीआयमधल्या १३१ रुग्णांच्या चाचणीत, २०१८ साली, प्रेडनिसोलोनने सगळ्यांना आणि इट्राकोनॅझोलने ८८ टक्क्यांना गुण आला होता. थोडं उणं, पण मधुमेहीसाठी रास्त सौदा. हृदय कमकुवत असतं तर हा पर्यायही नसता, म्हणून आधी इको केला.

इट्राकोनॅझोल लिहिण्यापूर्वी रुग्णाच्या बाकीच्या गोळ्या टेबलावर ओतायला लावाव्यात. आईच्या पिशवीतून चार अडचणी निघाल्या. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची एकत्र कॅप्सूल: पॅन्टोप्राझोलने पोटातलं आम्ल कमी झालं की इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल विरघळत नाही, आणि डॉमपेरिडोनशी जोडी हृदयाच्या ठोक्याला घातक. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन: त्याची रक्तातली पातळी वाढून स्नायूंना इजा होऊ शकते, त्याऐवजी रोसुव्हास्टॅटिन दिलं. बुडेसोनाइडचा पंप: इट्राकोनॅझोल ते मोडू देत नाही, मग पंपातलं स्टेरॉइड अंगभर साठून चेहरा सुजतो आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बंद पडतं. म्हणून बेक्लोमेथासोन.

दोन आठवड्यांनी रक्तातली इट्राकोनॅझोलची पातळी ०.३ आली, हवी किमान ०.५. पित्ताची कॅप्सूल बंद केल्याचं सांगितलं होतं, पण मेडिकलवाल्याकडून दुसऱ्या नावाची तीच परत आली होती. ती खरोखर बंद झाल्यावर आणि औषध जेवणाच्या मध्यावर घ्यायला सुरुवात केल्यावर पातळी ०.९. ही तपासणी केली नसती तर ‘औषध लागू पडलं नाही’ असा शेरा पडला असता. आठव्या आठवड्यात आयजीई २,४१०, उतार २६ टक्के. यकृताची तपासणी चौथ्या आणि बाराव्या आठवड्यात, दोन्ही ठीक.

मुरघासाची बॅग

नीट दाबलेल्या, हवाबंद मुरघासात आंबट वास येतो आणि बुरशी वाढत नाही. बॅगेला उंदराने भोक पाडलं, किंवा उघडलेली बॅग आठवडाभर थोडी थोडी वापरली, की कडेचा थर गरम होतो आणि त्यावर राखाडी-हिरवी पूड धरते. ती बॅग झटकली की बीजाणूंचा ढग उठतो. या घरात बॅग उघडण्याचं काम मुलाकडे होतं, तोंडाला उपरणं. उपरण्याच्या विणीतून ३ मायक्रॉनचा कण सहज जातो.

काम वडिलांकडे गेलं, त्यांना दमा नाही. खराब थर गाईलाही घालायचा नाही. झटकण्याआधी पाणी शिंपडायचं, मग पोत्यात भरून गोठ्यापासून दूर पुरायचा. मुलाला जावंच लागलं तर एन९५, नाकावर पट्टी दाबून. शेणखताचा खड्डा उपसणं आणि कडबा कुट्टी करणं या कामांनाही हेच. घरातल्या स्वयंपाकघराच्या मागची ओल धरणारी भिंत पावसाळ्यापूर्वी दुरुस्त केली. हे सगळं करूनही बीजाणू हवेत राहणारच. याने मारा कमी होतो, आजार बरा होत नाही, हे घरच्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं.

अकराव्या महिन्यात मुलाला पुन्हा दम लागला. वडील यात्रेला गेले होते आणि बॅग त्यानेच उघडली होती. गावच्या डॉक्टरांनी ‘एबीपीए उलटला’ म्हणून चार महिन्यांचं स्टेरॉइड लिहिण्याच्या आधी कार्ड बघितलं आणि फोन केला. आयजीई ३,०५०, फोटो स्वच्छ. ४,१७० च्या बरंच खाली. साधा दम्याचा झटका. पाच दिवस प्रेडनिसोलोन, पंपाचे फवारे वाढवले, सहाव्या दिवशी गोठ्यात.

आईच्या पिशवीत आता सगळ्यात वर एक कागद आहे, पुढच्या डॉक्टरसाठी: ‘२००३ व २०१४ – थुंकी निगेटिव्ह, क्षयरोग सिद्ध नाही. निदान एबीपीए. उपचारानंतर स्थिर आयजीई १,९८०. मुलगा – एबीपीए. मुलगी – अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी, वार्षिक तपासणी.’ त्याची एक प्रत डोंबिवलीला गेली आहे.